शहाळं नेण्याआधी

मागच्या महिन्यात मामांना इंदापूरहून बारामतीच्या दवाखान्यात हलवलं. किडनीचं जुनं दुखणं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं नाहीतर केळी घेऊन! आपली रीतच ती. मीही दोन शहाळी घेऊन गेले, तर सिस्टरांनी दारातच अडवलं : "पोटॅशियम ६.१ आहे, हे द्यायचं नाही."

रक्तात लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असावं लागतं. जुलाब-उलट्यांनी ते घटतं, किडनी थकली की साठतं. दोन्हीकडे धोका हृदयाच्या ठोक्यांनाच, आणि बऱ्याचदा बाहेरून काही कळतही नाही. जुलाबाच्या पेशंटला तारणारं शहाळं शेजारच्या खाटेवरच्या किडनीवाल्याला मारक! 'कमी सोडियमचं' मीठही तसंच. त्यात बहुधा सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं.

म्हणून मला वाटतं, शुगर-बीपीचे आकडे आपण तोंडपाठ ठेवतो, तसा घरात किडनीचा पेशंट असेल तर हाही आकडा डॉक्टरांना विचारावा. प्रेमानं नेलेलं सगळंच पथ्याचं नसतं. आधी विचारा, मग शहाळं फोडा.

मामा आता घरी आहेत. ती शहाळी आम्हीच प्यायलो!