माझा शेजारी कोण?

आज नाताळ. सणाच्या पानावर आम्ही एरवी एकादशीचे माहात्म्य वा रामजन्माची कथा सांगतो. आज येशू ख्रिस्ताचा एक दृष्टान्त सांगण्याचे योजिले आहे. दृष्टान्त कोणत्याही पेठेतला असो, खरा असेल तर कीर्तनकाराने तो मस्तकी धरावा.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील ही कथा. एका शास्त्र्याने येशूला विचारले, की शेजाऱ्यावर प्रीती करावी हे खरे, पण शेजारी म्हणावे कोणाला? येशूने सांगितले : यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर चोरांनी एका वाटसरूला लुटून अर्धमेला टाकले. एक याजक आला, त्याने पाहिले आणि तो बाजूने निघून गेला. मंदिरसेवेचा वंशपरंपरागत मान असलेला लेवीही तसाच गेला. मग आला एक शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत. त्या परक्याने जखमांवर तेल व द्राक्षारस घालून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले, आणि पुढील शुश्रूषेसाठी पदरचे दोन दीनार मोजले. या तिघांत शेजारी कोण ठरला, असे येशूने विचारताच शास्त्री उत्तरला, दया करणारा. 'शोमरोनी' हा शब्द काही त्याच्या मुखातून निघाला नाही! आम्हा शास्त्रीमंडळींची नाडी येशूने अचूक ओळखली होती.

परंतु दया करणे त्यातल्या त्यात सोपे. देणाऱ्याचा हात वरच राहतो. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू याहून कठीण गोष्ट करतो. याकोबाच्या विहिरीवर तो एका शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. ती स्वतःच चकित होते. ज्याला आपण हीन मानले त्याच्यापुढे ओंजळ धरणे, हा आदर होय. आदरावाचून प्रीती म्हणजे नुसता उपकार.

आपल्या मराठीतही याची साक्ष आहे. १८९५ साली ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी पुढे पतीकडे राहूनही आपले सोवळे सोडले नव्हते. जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा, हे विचारांती पटले तेव्हा त्यांनी तो टाकला, आणि तोही बाप्तिस्म्यापूर्वी. 'स्मृतिचित्रे'त हे त्यांनी निर्मळपणे सांगितले आहे. भेद टाकण्यासाठी धर्म टाकावा लागतो असे नव्हे. आणि धर्म बदलल्याने भेद आपोआप जातो असेही नव्हे. या देशातील काही ख्रिस्ती वस्त्यांतही जातीनुसार दफनभूमी वेगळ्या राहिल्या. पंढरीचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, हेही विसरू नये.

कबुली द्यायची तर आमच्याच घराची देतो. लहानपणी आमच्या ओसरीच्या कोनाड्यात एक कानतुटकी कपबशी असे. अंगण झाडणाऱ्या बाईंना चहा तीतूनच मिळे. आम्ही रोज समदृष्टीचे निरूपण ऐकत होतो. ती कपबशी मात्र कोणाला दिसली नाही. कित्येक वर्षे कीर्तन केल्यावर ती मला दिसली, तेव्हा क्षमा मागायला त्या बाई उरल्या नव्हत्या.

वाचकहो, आज देवापुढे दिवा लावण्यापूर्वी आपल्या घरातला कोनाडा एकवार पाहावा. तिथे वेगळा ठेवलेला पेला असेल, तर तो आजच इतर पेल्यांत मिसळून टाकावा.