लाभांश गेला कुठे?

उज्जैनच्या माझ्या आजोबांनी 'निफ्टी बीज' घेतले आहेत. शेअरबाजारात विकला जाणारा हा आपल्या देशातला पहिला फंड, २००१ सालचा. "अरे, नाव बीज, मग पीक कुठे?" असे ते मला विचारतात, कारण लाभांश खात्यावर येतच नाही. तो बुडत नाही. पन्नास कंपन्यांचा लाभांश फंडातच राहतो, त्याचे पुन्हा शेअर घेतात व युनिटचे मूल्य तेवढे वाढते. २०२० पासून हाती पडणाऱ्या लाभांशावर ज्याच्या-त्याच्या उत्पन्नाच्या दराने कर आहे. इथे तो युनिट विकताना, नफ्यापुरता. आम्हां विद्यार्थ्यांना हे सोयीचेच! आजोबांना मात्र औषधांसाठी रोकड हवी.

"आजोबा, चार युनिट विका, हिशेब तोच."

"म्हणजे मुद्दल मोडून खायचे?"

हिशेब माझा बरोबर आहे. पण पैसे घेण्यापूर्वीच त्यांना हे कोणी त्यांच्या भाषेत सांगायला नको होते काय?