जोखीम पायऱ्यांत शोधा, विद्यार्थ्यांत नको

२५ नोव्हेंबर २०२३. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा तंत्रमहोत्सव सुरू होता. संध्याकाळी खुल्या प्रेक्षागृहात गाण्याचा कार्यक्रम होता. पाऊस आला आणि बाहेर थांबलेली गर्दी दाराकडे धावली. दारातून आत गेले की लगेच खाली उतरणाऱ्या पायऱ्या. पुढचे पडले, मागच्यांना ते दिसले नाही. चार तरुणांचा जीव गेला.

नोव्हेंबरात केरळात पाऊस नवा नसतो. पायऱ्या तर तिथे रोजच होत्या. 'पाऊस आला तर ही गर्दी कुठे जाईल?' हा प्रश्न आधी विचारणे आणि उत्तर कागदावर लिहिणे, यालाच जोखीम मूल्यांकन म्हणतात. हे आपल्यापासून लांबचे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयातही महोत्सवाच्या गर्दीत विद्यार्थी जखमी झाले होते.

आपल्याकडे परवानगीचा अर्ज असतोच. मी अभियांत्रिकीला असताना महोत्सव समितीत होतो, तेव्हा असे अर्ज भरले आहेत. वक्ता कोण, विषय काय, भाषण 'वादग्रस्त' तर होणार नाही ना, हे सगळे त्यात विचारले जायचे. सभागृहात किती माणसे मावतात, दारे किती उघडी राहणार, हे कोणी विचारत नसे. विचारांची जोखीम मोजायला आपण तत्पर असतो, पायऱ्यांची मोजत नाही.

काम अवघड नाही. ब्रिटनमधील अनेक विद्यार्थी संघटना कार्यक्रमाआधी असा तक्ता भरून घेतात. धोका कोणता, कोणाला, शक्यता किती, परिणाम किती गंभीर, उपाय काय आणि तो कोण करणार? शक्यता आणि गांभीर्य यांना एक ते पाच गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. ज्याचे गुण जास्त, ते काम आधी. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही २०१४ मध्ये गर्दी व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली आहे. महाविद्यालयांनी ती निदान वाचावी.

मात्र 'सुरक्षेची काळजी घेतली जाईल' असे लिहिणे म्हणजे उपाय नव्हे. 'दोन्ही दारे सहा वाजल्यापासून उघडी, प्रत्येक दारावर चार स्वयंसेवक, आठशे माणसे झाली की प्रवेश बंद' हा उपाय. त्यापुढे एका माणसाचे नाव हवे. आम्ही सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सोडतो तेव्हा बिघाड झाल्यास ती मागे घ्यायचा निर्णय कोणाचा, हे आधीच ठरलेले असते. कार्यक्रम थांबवायचा अधिकार कोणाला, हेही तसेच आधी ठरायला हवे. ऐनवेळी गायक मंचावर असताना समितीतल्या विशीच्या मुलाला ते धाडस होणार नाही.

जोखमीचे नाव घेऊन आपण आणखी एक गोष्ट करतो. कार्यक्रम रात्री संपणार असेल, तर मुलींना सातलाच घरी पाठवतो किंवा समितीतच घेत नाही. मूल्यांकनाचा पहिला नियम आहे, धोका काढता येतो का ते आधी पाहा. इथे धोका अंधाऱ्या रस्त्यात आहे, घरी परतायला वाहन नसण्यात आहे. दिवे लावा, बस ठरवा, तक्रार घ्यायला एक प्राध्यापिका शेवटपर्यंत थांबू द्या. मुलीला वगळल्याने रस्ता सुरक्षित होत नाही. तिचा महोत्सव तेवढा हिरावला जातो.

असे कागद भरायला लावले की विद्यार्थ्यांचा उत्साह मरतो, असे काही प्राध्यापक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. जबाबदारी विश्वासाने दिली की विद्यार्थी ती नेटाने पेलतात. उत्साह मरतो तो अपघातानंतर सरसकट घातलेल्या बंदीने.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा महोत्सवांचा हंगाम. त्याआधी प्रत्येक महाविद्यालयाने हा एक पानाचा तक्ता तयार करावा. विद्यार्थ्यांनी तो प्रत्यक्ष जागेवर फिरून भरावा. प्राचार्यांनी सही करताना त्यातल्या उपायांसाठी लागणारे पैसेही मंजूर करावेत. पैशांविना केलेली सही ही फक्त उद्या दोष विद्यार्थ्यांवर ढकलायची सोय ठरेल.