मोजमापाचे स्वातंत्र्य

शस्त्र घडविणारे राष्ट्र समर्थ म्हणविते. परंतु त्या शस्त्राचा पदार्थ किती उष्णता सोसेल, हे स्वतः मोजू शकणारे राष्ट्रच खऱ्या अर्थाने स्वतंत्र असते. २२ मे १९८९ रोजी चांदीपूरहून ‘अग्नी’ झेपावले. वातावरणात परत शिरताना त्याच्या अग्रभागाला दोन हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाशी झुंजायचे होते. कार्बन-संमिश्राच्या कवचाने ती झुंज जिंकली. प्रगत राष्ट्रांनी १९८७ साली क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाभोवती निर्बंधांची भिंत उभारलेली असतानाचे हे यश होते.

अशा कवचाची जाडी अंदाजाने ठरत नाही. ते जाड झाले तर भार वाढून पल्ला घटतो. पातळ राहिले तर आतील यंत्रणा जळते. म्हणून पदार्थाच्या पातळ चकतीच्या एका पृष्ठावर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकतात आणि दुसरे पृष्ठ किती वेळात तापते, ते टिपतात. त्यावरून उष्णता पसरण्याची गती कळते. तिला विशिष्ट उष्णता आणि घनता यांनी गुणले की उष्णतावाहकता मिळते. ही पद्धत १९६१ साली प्रसिद्ध झाली, तीही अमेरिकी नौदलाच्या एका प्रयोगशाळेतून! आपली मोजपट्टी आपणच घडवावी, हे त्या राष्ट्राला उमगले होते. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर त्याच अमेरिकेने आपल्या संरक्षण संशोधन संस्थांना साहित्य देण्यावर निर्बंध घातले. परकीयांच्या उपकरणांवर विसंबणाऱ्याचे संशोधन परकीयांच्या मर्जीवरच चालते, हाच त्याचा धडा.

‘अग्नी’ झेपावले त्याच आठवड्यात, २६ मे रोजी, न्हावा-शेवा बंदर कार्यान्वित झाले. त्याच्या वाटेवरचे गाव जासई. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या परिसरात झालेल्या लढ्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. राष्ट्राच्या प्रकल्पांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या मुलांनी केवळ परदेशी यंत्रे भरलेले कंटेनरच मोजत बसावे काय? नौदलासाठी पदार्थ-संशोधन करणारी, पाणबुड्यांसाठी इंधन-घट विकसित करणारी प्रयोगशाळा अंबरनाथला, म्हणजे फार दूर नाही. महाविद्यालयात लीच्या चकतीचा प्रयोग करून उष्णतावाहकता मोजणारा विद्यार्थी याच विद्येच्या पहिल्या पायरीवर उभा असतो. तो प्रयोग जुन्या वहीतून उतरवून न काढता मनापासून करावा, असे त्याला घरातून सांगितले गेले पाहिजे. आणि पुढच्या पायऱ्या चढण्यासाठी पनवेल-उरणच्या महाविद्यालयांना सुसज्ज प्रयोगशाळा मिळाल्या पाहिजेत. स्वदेशीचे व्रत केवळ दुकानात पाळून भागत नाही. ते प्रयोगशाळेतही पाळावे लागते.