मुंग्या बोटांना, आजार भिंतीत

पवनी तालुक्यातल्या आसगावचा एक विद्यार्थी वडिलांसोबत ओपीडीत आला. तक्रार होती बोटांना मुंग्या येण्याची. ब जीवनसत्त्वाची कमतरता, मानेची नस, साखर असे सगळे डोक्यात येऊन गेले. "केव्हा येतात?" असे विचारल्यावर पोरगा म्हणाला, "कॉम्प्युटरच्या डब्याला मागून हात लागला की. चप्पल घातली तर येत नाहीत." वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एसएमपीएस बदलून पाहिला, तरी तेच."

मी गोळ्या लिहून दिल्या नाहीत. घरच्या बोर्डाची अर्थिंग तपासून घ्यायला सांगितले. आजार पोराच्या नसांमध्ये नव्हता, भिंतीत होता.

संगणकाच्या डब्यात मागे पंखा असलेली जी पेटी असते, ती एसएमपीएस. भिंतीतली 230 व्होल्टची वीज घेऊन ती आतल्या भागांना 12, 5 आणि 3.3 व्होल्ट पुरवते. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी तिच्यात छोटे कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याच्या डब्याशी जोडलेले असतात. अर्थिंग नसेल, तर चांगल्या एसएमपीएसमध्येही डब्यावर सुमारे 115 व्होल्टचा दाब येतो. त्यातून अंगात जाणारा प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात.

मग काळजी कशाची? शरीराला साधारण 1 मिलिअँपिअर प्रवाह जाणवतो. 10 ते 20 च्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. प्रवाह छातीतून 50 ते 100 मिलिअँपिअर गेला, तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. स्वस्त पेटीतले आवरण उष्णतेने किंवा ओलाव्याने फाटले, की पूर्ण 230 व्होल्ट डब्यावर येतात. अर्थिंग असेल तर तो प्रवाह जमिनीत जातो. नसेल, तर तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीची वाट धरतो. म्हणून मुंग्या ही सूचना समजावी. चप्पल घालून ती गप्प करू नये.

माझे म्हणणे साधे आहे. संगणक घेताना आपण प्रोसेसर, मेमरी, पडदा यांची चौकशी करतो, आणि एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळाला म्हणून खूश होतो. पण भिंतीतली वीज आणि तुमचे शरीर यांच्या मध्ये उभी असलेली वस्तू तीच आहे. काटकसर करायची ती जागा नव्हे.

निवडताना पेटीवरचा मोठा आकडा पाहू नका, बाजूचे लेबल वाचा. 12 व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून 12 ने गुणा. वर 450 वॅट छापलेले आणि रांगेत 14 अँपिअर असतील, तर खरी कमाई 168 वॅटचीच. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती संगणकाला प्रामाणिक 300 ते 400 वॅट पुरेसे होतात. कार्ड असेल तर कार्ड बनवणाऱ्याने सांगितलेला आकडा घ्या. थोडी शिल्लक राहू द्या. हृदय जसे रोज पूर्ण ताकदीने चालवत नाहीत, तशीच ही पेटीही चालवू नये. बीआयएसचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. '80 प्लस' अशी खूण असेल तर वीज कमी वाया जाते, म्हणजे पेटी कमी तापते.

पण उत्तम एसएमपीएसही तीन पिनांच्या खऱ्या सॉकेटशिवाय अपुरा आहे. तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात खुपसणे बंद करा. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. अशा वेळी बिघाड होऊनही एमसीबी पडेलच असे नाही. म्हणून मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. तो जीव वाचवण्यासाठीच असतो.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळे गेली. त्या आगीचा संगणकाशी संबंध नाही. पण या जिल्ह्यातल्या कोणत्याही डॉक्टरला त्यानंतर तापलेल्या वायरीचा वास सहज घेता येत नाही. रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश तेव्हा निघाले. आमची कार्यालये, शाळा, ग्रामपंचायती इथे मात्र सकाळी लावलेले संगणक संध्याकाळपर्यंत चालतात आणि टेबलाखालची एक्स्टेन्शन कोणी पाहत नाही. सरकारी खरेदीच्या यादीत मेमरी किती, डिस्क किती हे नेमके लिहिले जाते. त्याच यादीत एसएमपीएसची नोंदणी आणि खोलीची अर्थिंग तपासल्याचा दाखला, या दोन अटी घालायला काय हरकत आहे?

कोणाला शॉक लागून तो चिकटला, तर आधी मेन स्विच बंद करा, हात लावू नका, आणि 108 ला फोन करा.

आसगावच्या त्या घरी वायरमनने नवा अर्थिंगचा खड्डा केला. पोराच्या मुंग्या त्याच दिवशी गेल्या.