कुंभाच्या गावातली कुंभारीण
कुंभकोणम या नावातच कुंभ आहे. अमृताचा घडा फुटला आणि शंकरानं त्याचंच लिंग घडवलं, असं कुंभेश्वराच्या देवळात सांगतात. मला मात्र इथे भेटली कुंभारीण माशी. तंजावरी मराठी बोलणाऱ्या यजमानांच्या तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओट्यावर, दाराच्या चौकटीला तिचं काम चाललं होतं. चिखलाची गोळी आणायची, गोल लिंपायची, शेवटी गडव्याला असतो तसा बाहेर वळलेला काठ काढायचा. चाक नाही, थापटणं नाही! आत धाग्यानं एक अंडं टांगते, मग नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते आणि तोंड बुजवते. फोटोसाठी तिच्यामागे पळू नये. ती चिखलाला गेली की मोबाइल घड्यावर रोखून बसावं, ती तिथेच परतते. (माझे बहुतेक फोटो तरीही हललेच.) गांधीलमाश्यांसारखी ही घोळक्यानं राहत नाही, उगाच अंगावरही येत नाही. दिवाळीची जळमटं काढताना एवढं बघा: घड्याला भोक पडलेलं असेल तर पिल्लू उडून गेलंय, तोंड बुजलेलं असेल तर झाडू जरा बाजूनं फिरवा.