आवाज कुणाचा?

ऑस्कर पुरस्कारांत 'उत्कृष्ट ध्वनी' असा एक विभाग असतो. 1956 चा 'द किंग अँड आय', 1961 चा 'वेस्ट साइड स्टोरी' आणि 1964 चा 'माय फेअर लेडी' या तिन्ही संगीतपटांना तो मिळाला. तिघांची ऑस्करे एकत्र मोजली तर पाच, दहा आणि आठ, म्हणजे तेवीस होतात. या तिन्ही चित्रपटांत नायिकेच्या तोंडून जे गाणे ऐकू येते ते एकाच बाईचे आहे. तिचे नाव मार्नी निक्सन. ध्वनीला तीनदा पुरस्कार मिळाला, पण जिचा ध्वनी होता तिचे नाव तिन्हींपैकी एकाही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आले नाही.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला 'अदृश्य श्रम' हा शब्द शिकवला होता. उदाहरणे ठरलेली होती: पाणी भरणारी, गोठा काढणारी, घरी बसून पापड लाटणारी. हॉलिवुडच्या झगमगाटात तेच उदाहरण सापडेल असे वर्गात कुणी सांगितले नव्हते.

'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर यांच्यासाठी निक्सन गायल्या. दोघींनी शेजारी शेजारी उभे राहून तालीम केली. श्वास कुठे घ्यायचा, बोलता बोलता गाणे कुठे सुरू करायचे, हे सगळे दोघींनी मिळून बसवले. निक्सन यांना या कामाचे 420 डॉलर मिळाले आणि वर तंबी मिळाली. ही गोष्ट बाहेर फुटली तर या गावात पुन्हा काम मिळणार नाही, असे स्टुडिओने बजावले होते. गोष्ट फोडली ती खुद्द डेबोरा कर यांनी. त्यांनी वार्ताहरांसमोर निक्सन यांना श्रेय दिले. बायकाच बायकांच्या शत्रू, हे पालुपद ज्यांना फार आवडते त्यांनी ही नोंद जरूर ठेवावी.

(जाता जाता: या चित्रपटाची नायिका ॲना लिओनोवेन्स ही खरीखुरी बाई. तिचा जन्म 1831 साली आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला आणि लग्न 1849 साली पुण्यात. तिची आजी भारतीय वंशाची असावी असे अभ्यासक मानतात. तिने मात्र आयुष्यभर आपला जन्म वेल्सचा असल्याचे सांगितले. 'गोऱ्या शिक्षिके'ची नोकरी आणि प्रतिष्ठा टिकवायची तर नगरचे नाव झाकणे तिला भागच होते.)

'वेस्ट साइड स्टोरी'ची हकीगत अधिक बोचरी आहे. नॅटली वुड यांनी आपली गाणी स्वतः ध्वनिमुद्रित केली होती आणि पडद्यावर तुमचाच आवाज राहील अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. चित्रीकरण त्यांच्याच आवाजावर झाले. ते आटोपल्यावर त्यांचा आवाज काढून निक्सन यांचा घातला गेला. आता निक्सन यांना आधीच चित्रित झालेल्या ओठांवर गाणे बसवायचे होते, म्हणजे दुसरीने केलेल्या चुकांसकट ते जुळवायचे. एका समूहगीतात तर नायिका मारिया आणि तिची मैत्रीण ॲनिटा या दोघींच्या ओळी निक्सन यांनीच गायल्या. एकीला फसवायचे, दुसरीला लपवायचे आणि दोघींच्या कष्टांतून उभा राहिलेला पुरस्कार तिसऱ्याच्या कपाटात ठेवायचा, असा हा व्यवहार. निक्सन यांनी उत्पन्नात वाटा मागितला तेव्हा संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी आपल्या स्वतःच्या मानधनातला पाव टक्का त्यांच्या नावे केला. बर्नस्टाइन यांचे मन मोठे म्हणायचे. पण हक्क म्हणून जे मिळायला हवे ते कुणाच्या तरी चांगुलपणातून मिळाले, हे विसरू नये. अंगणवाडी सेविकेच्या पगाराला सरकार 'मानधन' का म्हणते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

कुणी म्हणेल, उसन्या आवाजाचे एवढे काय? आपल्याकडे तर सगळ्याच नट्या उसन्या आवाजात गातात. बरोबर आहे. पार्श्वगायनात गैर काहीच नाही. एकीने अभिनय करावा, दुसरीने गावे, ही चांगली श्रमविभागणी आहे. गैर आहे ते लपवणे. आपल्याकडेही ते होतेच. 1949 च्या 'महल'च्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी', म्हणजे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे. गायल्या होत्या लता मंगेशकर. पुढे लताबाईंनी नावासाठी आणि गायकांच्या वेगळ्या पुरस्कारासाठी आग्रह धरला, आणि 1959 साली फिल्मफेअरने पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला तेव्हा तो पहिला त्यांनाच, 'मधुमती'तल्या गाण्यासाठी मिळाला. नाव सांगितल्याने मधुबालाचे सौंदर्य काही कमी झाले नाही.

आता 'माय फेअर लेडी'. शॉच्या ज्या नाटकावरून पु. लं.नी 1975 साली 'ती फुलराणी' केले, त्याचाच हा संगीतावतार. रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीची बोली बदलून तिला 'सुसंस्कृत' करणारा प्राध्यापक. आणि पैज जिंकल्यावर प्राध्यापक व त्याचा मित्र एकमेकांची पाठ थोपटत असताना कोपऱ्यात उभी असलेली ती. पडद्यामागेही नेमके हेच नाटक चालले होते. रंगभूमीवर ही भूमिका गाजवणाऱ्या ज्युली अँड्र्यूज यांना निर्माते जॅक वॉर्नर यांनी घेतले नाही, कारण त्यांचे नाव पडद्यावर खपणारे नव्हते. ऑड्री हेपबर्न यांना घेतले. त्यांनी गाण्याची मेहनत घेतली, ध्वनिमुद्रण केले, आणि शेवटी त्यांचा बहुतेक आवाज काढून टाकला.

याच चित्रपटात नायक रेक्स हॅरिसन यांनाही रूढ अर्थाने गाता येत नव्हते. ते गाणे बोलत. आधी ध्वनिमुद्रण करून त्यावर ओठ हलवायला त्यांनी साफ नकार दिला. मग त्यांच्यासाठी काय केले? गळपट्टीत बिनतारी मायक्रोफोन दडवला आणि सेटवर ते जसे बोलले तसे टिपून घेतले! पुरुषाला गाता येईना तेव्हा यंत्र बदलले, बाईचे गाणे पुरेसे वाटेना तेव्हा बाईचा आवाजच बदलला. दुय्यम भूमिकेतल्या जेरेमी ब्रेट यांनाही दुसऱ्याचा आवाज दिला होता, हे खरे. म्हणजे प्रश्न नुसता बाई-पुरुषाचा नाही, कुणाचा शब्द सेटवर चालतो याचाही आहे. पण निकाल बघा. हॅरिसन यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, चित्रपटाला आणि दिग्दर्शकाला मिळाले. हेपबर्न यांना साधे नामांकनही नाही. गाणे त्यांचे नव्हते हा बोभाटा तोवर झाला होता. लपवाछपवी स्टुडिओची, शिक्षा तिला. त्या वर्षी अभिनेत्रीचे ऑस्कर ज्युली अँड्र्यूज यांना 'मेरी पॉपिन्स'साठी मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी दोघींची झुंज लावून दिली. आवाज काढून टाकणारे मात्र ऑस्कर घेऊन घरी गेले.

जिला उत्तम गाता येते तिचाही आवाज काढून घेतात. हुआनिता हॉल या कृष्णवर्णीय गायिकेला 'साउथ पॅसिफिक' या संगीत नाटकासाठी 1950 साली टोनी पुरस्कार मिळाला होता. 1958 च्या चित्रपटात भूमिका तीच, नटी तीच, गाणे मात्र म्युरिअल स्मिथ यांचे. आणि या चित्रपटाला मिळालेले एकमेव ऑस्कर कुठले? ध्वनीचेच.

वस्तीतल्या किशोरी गटाला मी 'सिंगिन इन द रेन' दाखवला. मुद्दाम निवडला, कारण त्याची गोष्टच ही आहे: कर्कश आवाजाच्या नटीमागे लपून गाणाऱ्या केथीला शेवटी पडदा उघडून समोर आणतात. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग मी सांगितले की केथी त्या नटीसाठी गाते असे जे गाणे दाखवले आहे, ते केथी झालेल्या डेबी रेनल्ड्सने गायलेले नाही. बेटी नॉइस नावाच्या गायिकेने गायले आहे आणि तिचे नाव चित्रपटात कुठेही नाही. क्षणभर शांतता. मागून एकीने विचारले, "ताई, मग तिच्यासाठी पडदा कुणी उघडला?"

'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये मार्नी निक्सन प्रथमच मोठ्या चित्रपटात दिसल्या, सिस्टर सोफिया या जोगिणीच्या छोट्या भूमिकेत. चेहरा त्यांचा आणि आवाजही त्यांचाच. 2016 साली त्या वारल्या. 2021 साली स्पीलबर्ग यांनी 'वेस्ट साइड स्टोरी' पुन्हा काढला तेव्हा मारिया झालेली रेचेल झेग्लर स्वतः गायली.